अठ्ठ्याऐंशीचा संघ आणि यंदाची पोरं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि लुंडबी कॉलेजच्या प्रमुख माननीय डॉ. प्रिसिला ऑकलंड, व्यासपीठावर बसलेले आणि नुकतेच नॉर्वेहून आयोवात येऊन थंडीला नावं ठेवणारे आमचे नवे पास्टर अस्बेर्गसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते कोच वेंडेल हॉगन, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या मार्लिसबाई, यंदाच्या संघातले खेळाडू आणि त्यांचे आईवडील, अठ्ठ्याऐंशीच्या संघातले माझे टक्कल पडलेले सोबती, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हा माणूस कधी आटपतोय याची वाट बघणाऱ्या चर्चच्या भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी लाईल व्हॉन्ड्राचेक. गुरांचा डॉक्टर. ज्यांच्या गाई माझ्या हातून बऱ्या झाल्या ते पुढच्या टेबलांवर बसलेत, ज्यांच्या नाही झाल्या ते मागे दाराजवळ. त्यांनाही नमस्कार.

अध्यक्षबाईंनी परवा मला फोन केला. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही अठ्ठ्याऐंशीच्या संघात होतात. त्या मोसमाची आणि यंदाच्या मोसमाची तुलना करा. हलकंफुलकं बोला." बाई इथे नव्या आहेत म्हणून हा विषय त्यांना हलका वाटला. या गावात या विषयावरून सख्खे भाऊ एका टेबलावर बसेनासे झालेत. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मला कुणी बोलायला सांगितलं की माझ्या तोंडून 'नाही' बाहेर पडत नाही, हे माझ्या बायकोला विचारा.

आता पास्टरसाहेबांसाठी दोन शब्द. साहेब, तुमच्याकडे फुटबॉल पायाने खेळतात. आमच्याकडे चेंडू छातीशी धरून पळतात आणि बाकीचे अंगावर पडतात. तो चेंडू घेऊन समोरच्यांची रेषा ओलांडली की सहा गुण, त्याला म्हणायचं टचडाउन. त्यानंतर एक वाढीव संधी मिळते, आणि सगळी भांडणं तिथून सुरू होतात. एक तर चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांच्या मधून घालवायचा. एक गुण. सोपं काम. नाहीतर जवळूनच पुन्हा एकदा चेंडू रेषेपार न्यायचा. दोन गुण. पण समोर अकरा दांडगे आडवे पडायला तयार असतात, त्यामुळे अवघड. एक घ्यायचा की दोन, हे कोचने तिथल्या तिथे ठरवायचं असतं. समजलं ना? पास्टर मान हलवताहेत. समजलेलं नाही. असू दे.

आमच्या संघात लाथ मारणारा मी. आख्ख्या सामन्यात ज्याच्या कपड्यांना चिखल लागत नाही असा एकटाच माणूस. आमची आई कपडे धुताना शेजारणीला म्हणायची, "बाकीच्या पोरांच्या आयांची मला दया येते गं."

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही दहापैकी नऊ सामने जिंकलो. दहावा होता स्टॅडलर कॉलेजशी, त्यांच्या मैदानावर. आता स्टॅडलरचं नाव काढल्यावर मागून कोण हुर्यो करतंय? अरे, जेवायला बसलाय, जरा दम धरा. तर शेवटची घटका, आणि आम्ही सात गुणांनी मागे. वेंडेल आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळ्या खेळाचा कर्ताधर्ता. त्याने असा काही चेंडू फेकला की टचडाउन झालं. ते चौदा, आम्ही तेरा. आता एक की दोन? एक घेतला तर बरोबरी. त्या काळी जादा वेळ खेळवत नसत. बरोबरी झाली की हात मिळवायचे आणि बसमध्ये जाऊन बसायचं. दोन घ्यायला गेलो आणि जमलं तर जिंकलो, नाही जमलं तर मोसमातली पहिली हार.

आमचे तेव्हाचे कोच ओर्व्हिल ब्रांट, देव त्यांना सुखात ठेवो, त्यांनी मला आत पाठवलं. मी लाथ मारली. चेंडू बरोब्बर मधून गेला. चौदा-चौदा. आणि मैदानावर सन्नाटा! टाळ्या वाजवाव्यात की रडावं हेच कुणाला कळेना. माझी आई तेवढी एकटी ओरडत होती.

अशा रीतीने आम्ही अपराजित राहिलो. व्यायामशाळेत तो निळा पडदा टांगलेला आहे, 'अपराजित १९८८'. आणि आमच्यातल्या काहींचं वागणं असं, की जणू तो पडदा घरच्या खिडकीला लावलाय.

त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही एक प्रथा सुरू केली. ज्या शनिवारी लुंडबीचा नवा संघ मोसमातला पहिला सामना हरेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशीच्या संघातल्या गावात राहणाऱ्यांनी रूबीच्या हॉटेलात जमायचं, चिली, म्हणजे पास्टरसाहेब, राजमा आणि खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल खायचे. आपला विक्रम अजून शाबूत आहे म्हणून. त्याला नाव 'पहिल्या हारीचं जेवण'. हलकटपणा आहे, मला मान्य आहे. पण रूबीची चिली फार चांगली असते. वेंडेल पुढे इथेच कोच झाला, त्यामुळे तो या जेवणाला कधी आला नाही. स्वतःचाच संघ हरल्याची मेजवानी कोण खाईल?

आता तुम्हाला वाटेल, अपराजित राहिलो म्हणजे गावाने आम्हाला डोक्यावर घेतलं असेल. छे! "जिंकायचं सोडून बरोबरी घेतली," हेच ऐकत आलोय. ब्रांट भित्रे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. न्हाव्याच्या दुकानात ते खुर्चीत बसले की कुणीतरी म्हणायचं, "कोच, एकच बाजू कापायची की दोन्ही?" ते आरशात बघून हसायचे. माझ्यापर्यंतही शिंतोडे आलेच. आजही रूबीकडे कॉफी मागितली की कोपऱ्यातून आवाज येतो, "डॉक्टर, साखर एक की दोन?" दोन म्हटलं की, "आत्ता सुचलं होय!" अरे, मला पाठवलं, मी गेलो, मारायला सांगितलं ती मारली, तीही सरळ. मी काय करायला हवं होतं? चुकवायला हवी होती?

वेंडेलची गोष्ट मात्र वेगळी. लोक सांगायचे की त्या वेळी त्याने मैदानातून दोन बोटं वर केली होती. "कोच, दोन घेऊ या," असं. पण म्हाताऱ्याने ऐकलं नाही. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांनी ती बोटं पाहिली, ज्यांनी नाही पाहिला त्यांनी जास्त स्पष्ट पाहिली. वेंडेलला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "झालं गेलं, सोडा आता." लोकांना वाटायचं, काय हा मोठेपणा!

आता यंदाकडे येतो. अध्यक्षबाई, येतो हो, घड्याळ बघू नका.

ऑगस्टात ही पोरं सरावाला आली तेव्हा आम्ही जुने सातजण कुंपणाला टेकून बघत होतो. अर्लो बेंटसेन, आमच्या संघातला सगळ्यात जाडा, तो म्हणाला, "ही पोरं दुधात कसली हिरवी पूड घालून पितात? आम्ही सामन्याच्या दिवशी सकाळी डुकराचे चार चार चॉप हाणायचो." मी म्हटलं, "हो, आणि दुपारी ओकायचास." आम्ही बसमधून जाताना कोणी बोललं तर ब्रांट आरशातून डोळे वटारायचे. ही पोरं बसमध्ये गाणी लावतात. आम्ही पडलेल्याला उठवायला हात द्यायचो, तोही कुणी बघत नसेल तर. ही एकमेकांना सरळ मिठ्या मारतात, हरलेल्या संघातल्या पोरांनासुद्धा. अर्लो म्हणाला, "यांच्याकडून काही होणार नाही. मी तर चिलीसाठी पट्टा आतापासूनच सैल करून ठेवतो."

आणि ही पोरं जिंकायला लागली. पहिला सामना, दुसरा, तिसरा. दर शनिवारी संध्याकाळी रूबीचा मला फोन. "डॉक्टर, राजमा भिजत घालू का?" "नको, रूबी." ऑक्टोबर आला. "घालू का?" "नको." मक्याची कापणी उरकली तरी राजमा कोरडाच. अर्लोचा चेहरा बघवेना. या पोरांनी अपराजित राहून, तेही एकसुद्धा बरोबरी न करता मोसम संपवला, तर आमच्या पडद्याकडे बघणार कोण? त्या आठवड्यांत आम्ही चर्चमध्ये काय प्रार्थना करत होतो ते, पास्टरसाहेब, मी तुम्हाला सांगणार नाही.

दहावा सामना, पुन्हा स्टॅडलर. या वेळी आपल्या मैदानावर. वेंडेलचा कोच म्हणून शेवटचा. वारा असा बोचरा की मार्लिस दोन कोट घालून आली होती. मी आणि ती खेळाडूंच्या बाकामागच्या दोरीला धरून उभे होतो, त्यामुळे पुढचं जे सांगतो ते ऐकीव नाही. पुन्हा तसंच घडलं हो! शेवटची घटका, आपण मागे, आणि टचडाउन. ते एकवीस, आपण वीस. मार्लिसने माझा दंड असा पकडला की वळ उठले.

आता नियम बदललेत. एक गुण घेतला तर बरोबरी होते आणि जादा वेळ खेळवतात. सरळ रस्ता होता. वेंडेलने पोरांना जवळ बोलावलं. मला वाटलं, सांगेल आता काय करायचं ते. त्याने विचारलं, "तुम्ही सांगा. एक की दोन?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यातला एकजण पुढे आला. केलिब टिमरमन, शेवटच्या वर्षाला आहे, लांबचे चेंडू झेलतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खिडकीजवळच्या टेबलावर बसलाय तो, कॉलर घट्ट झाल्यासारखा. तो म्हणाला, "दोन. माझ्याकडे टाका, कोच."

वेंडेल म्हणाला, "हात गारठलेत ना रे तुझे?"

"गारठलेत. तरी टाका."

टाकला. आपल्या क्वार्टरबॅकचा चेंडू नीट आला. केलिब रेषेपलीकडे एकटा उभा होता, आसपास कुणी नाही. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत पडला आणि सुटला. संपला सामना. आपण हरलो.

आमचा विक्रम वाचला. आम्हा सातांपैकी एकालाही आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू, अर्लोला झाला होता, पण केलिब गुडघ्यांवर बसलेला दिसला तेव्हा तोही गप्प झाला. गाव मात्र गप्प बसलं नाही. सामना संपून लोक घरी पोचले नसतील तोवर सुरू झालं. सोपा होता, आजीने झेलला असता, हाताला लोणी लावलं होतं का? पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, सगळीकडे तेच. हे बोलणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत. माझ्या कॉफीतली साखर मोजणारे तेच.

दुसऱ्या दिवशी रविवार. रूबीने राजमा भिजत घातला होता. आम्ही सातजण तोंडं पाडून बसलो होतो, प्रथा आहे म्हणून. इतक्यात दार उघडलं आणि वेंडेल आत आला. मागे मार्लिस. अर्लोच्या हातातला रोल हातातच राहिला. वेंडेल म्हणाला, "मी पण अठ्ठ्याऐंशीचाच आहे ना? सरका जरा."

आम्ही सरकलो. रूबीने त्याच्यापुढे वाडगा ठेवला. त्याने चमचा उचलला नाही. म्हणाला, "लाईल, त्या दिवशी ब्रांटनी तुला आत पाठवलं नव्हतं. मी पाठवलं होतं."

मी म्हटलं, "काय बोलतोस तू?"

"त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, वेंडेल, माझ्या मनात दोन घ्यायचे आहेत. चेंडू तू फेकणार, तेव्हा तू सांग. जमेल? तू म्हणशील ते करू. मी घाबरलो रे. मी म्हटलं, लाईलला पाठवा."

अर्लोने हातातला रोल बशीत ठेवला. म्हणाला, "मग ती दोन बोटं?"

"हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली होती. सोडवत होतो."

मंडळी, हसलात ना? आम्हीही हसलो. मार्लिस मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "पुढचं सांग त्यांना." मग वेंडेलने सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून गाव ब्रांटना भित्रा म्हणायला लागलं, तेव्हा हा त्यांच्या घरी गेला. म्हणाला, मी सगळ्यांना खरं सांगतो. ब्रांट म्हणाले, "काही गरज नाही. माझं वय झालंय, मला चालतं. तुला अजून खेळायचंय." आणि दोन वर्षांनी त्यांनीच याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. न्हाव्याच्या खुर्चीतलं ते हसणं आठवून मला तिथे बसल्या बसल्या भरून आलं. आम्ही त्या माणसाला काय काय बोललो होतो! त्यांनी मरेपर्यंत वेंडेलचं नाव घेतलं नाही.

मला वेंडेलचा राग आला का? आला. अर्धा वाडगा संपेपर्यंत होता. इतक्या वर्षांची साखर याच्यामुळे! मग मी विचारलं, "आज का सांगतोयस?" तो म्हणाला, "केलिब सामान भरतोय. नाताळच्या सुट्टीला गेला की परत येणार नाही म्हणतो. पदवीला फक्त एक सत्र राहिलंय. मी त्याला कालपासून दहा वेळा सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. त्याला वाटतं मी दया दाखवतोय. निरोप समारंभात हे सगळं बोल, लाईल. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. मी बोलायला उभा राहिलो तर रडेन. तुझी जीभ कधी अडत नाही."

आत्ताच मी पाहिलं, पुढच्या टेबलावर काहीजण वेंडेलकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलेत. बघा, खुशाल बघा. तो बघा, मान वर करून बसलाय. इतका मोकळा मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

तर अध्यक्षबाई, तुलना. पडद्यावर आम्ही वरचढ आहोत. नऊ विजय, एक बरोबरी, हार नाही. यंदाच्या पोरांचे नऊ विजय आणि एक हार. आकडे विचाराल तर आमचाच संघ मोठा, आणि अर्लो ते कुठेही शपथेवर सांगेल. पण आमच्या संघातल्या सगळ्यात गुणी खेळाडूला जेव्हा विचारलं, जमेल का, तेव्हा तो नको म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर मी बसमध्ये जाऊन लपलो असतो. यंदाच्या संघाला विचारलं तेव्हा एक पोरगा गारठलेले हात घेऊन पुढे आला, माझ्याकडे टाका म्हणाला. मी सांगतो तुम्हाला, यंदाचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता. आम्ही सातजणांनी रूबीच्या टेबलावर हे ठरवलंय, अर्लोनेसुद्धा हात वर केला, एकच हात, पण केला.

केलिब, मघाशी स्वयंपाकघरात मी तुला विचारलं, तुझ्याबद्दल बोलू का. तू म्हणालास, "बोला, तुम्ही तसंही बोलणारच." म्हणून बोललो. पोरा, माझ्याकडे नीट बघ. मी ती किक अचूक मारली, तरी गावाने मला सोडलं नाही. तुझा झेल सुटला, तुलाही सोडणार नाहीत. लोकांना बोलायला काहीतरी लागतं. त्यांच्यासाठी कुणी एवढं शिक्षण अर्धवट टाकतं का रे? जानेवारीत परत ये. रूबीकडे माझ्या शेजारची खुर्ची तुझी. कुणी काही म्हणालं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल, आणि माझ्याशी बोलणं सुरू केलं की सुटका नाही, हे या गावात सगळ्यांना माहीत आहे.

आता आवरतं घेतो. बोलायची संधी दिलीत म्हणून अध्यक्षबाईंचे आभार. पुढच्या वेळी त्या देणार नाहीत, म्हणून आत्ताच जास्त मानून घेतो. भाजलेल्या बटाट्यांच्या थाळ्यांसाठी चर्चच्या भगिनींचे आभार. वेंडेलला आमच्याकडे इतकी वर्षं उसना दिला म्हणून मार्लिसचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला चिमटा जोरात बसला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, ओर्व्हिल ब्रांट यांच्याबद्दल एके काळी आपण सगळे जे बोललो तेही धरून, सगळ्याची मी हात जोडून माफी मागतो.

एक शेवटचं काम राहिलंय. कॉलेजने वेंडेलसाठी भेट आणली आहे, खऱ्या मापाचा काचेचा फुटबॉल. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की तो अध्यक्षबाईंच्या हस्ते द्यायचा. पण वेंडेलने समारंभाला होकार देताना एकच अट घातली होती, आणि बाईंनी ती मोठ्या मनाने मान्य केली आहे. हा फुटबॉल तो फक्त केलिब टिमरमनच्या हातून घेणार.

ये, केलिब. इकडून ये, पायऱ्यांवरून. काचेचा आहे, जरा जड आहे. हातातून सुटला तर सुटू दे. वेंडेल म्हणालाय, तो तुकडे घरी घेऊन जाईल.